कधीही ये

मिल्ड्युराच्या विमानतळाबाहेर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या टॅक्सीचं मागचं दार उघडलं, आणि ते इंग्लंडचे आहेत हे मला त्यांनी तोंड उघडायच्या आधीच कळलं.

फेब्रुवारी होता. ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळा. पक्षी झाडाखाली चोची उघड्या टाकून बसले होते आणि यांनी टाय बांधलेला, अंगात कोट. हॅट काढून मांडीवर ठेवली. शेजारी एक कापडी पिशवी, ती त्यांनी मला डिकीत ठेवू दिली नाही. मोटेलचं नाव सांगितलं, आभार मानले, गाडी निघाल्यावर परत एकदा मानले. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"आज ऊन जरासं आहे, नाही?" ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, जरासं आहे.

ऑस्ट्रेलियात एकटा माणूस टॅक्सीत बसला की ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. मागे बसणं म्हणजे समोरच्याला नोकर समजणं, असा तिथला हिशेब. आमच्या टॅक्सी कंपनीची मालकीण शेरिल हिने मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की मागे बसणारा एक तर पिऊन आलेला असतो नाहीतर पॉमी असतो. पॉमी म्हणजे इंग्लंडचा माणूस. हे ती रागाने म्हणत नव्हती. तिचे स्वतःचे आजोबा पॉमी होते.

मला मागे बसणाऱ्यांचं काही वाटायचं नाही, कारण मी इंग्लंडातून तिथं गेलो होतो. आधी चेल्टनहॅमला काही वर्षं टॅक्सी चालवली. तिथला माझा मालक मला शेवटच्या दिवसापर्यंत मिस्टर चौगुले म्हणायचा, आणि तेही 'चौ'चा 'चॉ' न करता, मुद्दाम शिकून घेतल्यासारखं. त्याचं घर मात्र मी कधी पाहिलं नाही. शेजारच्या बाई माझ्या बायकोला, नयनाला, भेटतील तेव्हा म्हणायच्या, तुम्ही एकदा आमच्याकडे चहाला यायलाच हवं. नयना बिचारी कितीतरी शनिवारच्या संध्याकाळी मोकळ्या ठेवून बसायची. चिवडा करून डब्यात भरून ठेवलेला असायचा, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. बोलावणं काही आलं नाही. बाई मात्र पुढच्या भेटीत तितक्याच प्रेमाने तेच म्हणायच्या. शेवटी माझ्याबरोबरच्या एका ड्रायव्हरने सांगितलं की दिवस आणि वेळ सांगितली तर ते आमंत्रण, नाहीतर ती नुसती सदिच्छा. चिवडा आम्हीच संपवला.

मिल्ड्युरात सगळं उलटं. शेरिलने दुपारपर्यंत चौगुलेचं 'चॉगी' करून टाकलं आणि संध्याकाळी मी तिच्या घरामागे शेगडीजवळ हातात चिमटा धरून उभा होतो, सॉसेज परतत. मी तासगावचा जैन, जन्मात मांसाला हात लावलेला नाही. हे तिला कळल्यावर ती पोट धरून हसली, मला एक सणसणीत शिवी दिली आणि माझ्यासाठी वेगळ्या जाळीवर मक्याची कणसं भाजली. तशी शिवी मला त्याआधी फक्त तासगावातल्या जुन्या मित्रांनी दिलेली होती. दुसऱ्यांदा जाताना मी फोन करून विचारलं, येऊ का. ती म्हणाली, फोन कशाला करतोस, मागचं दार उघडंच असतं.

तर हे दोन्ही देश मी खाऊन-पिऊन ओळखत होतो. म्हणूनच पुढचं माझ्या वाट्याला आलं.

त्या गृहस्थांचं नाव मिस्टर हॅलिवेल. मोटेलच्या वाटेवर त्यांनी विचारलं, फार वाकडी वाट होणार नसेल तर रेड क्लिफ्सकडच्या एका रस्त्याने जाता येईल का. वाकडी वाट बरीच होती. मी वळलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधूनच संत्र्यांची झाडं. एका फाटकाशी, दुधाचा जुना कॅन आडवा करून खांबावर बसवलेली पत्रपेटी होती. तिथं ते म्हणाले, जरा हळू घ्याल का. मी हळू घेतली. आत बऱ्यापैकी दूर एक बसकं घर दिसत होतं. पुढे व्हरांडा आणि दाराला माश्यांसाठी लावतात तसलं जाळीचं दार.

"थांबू का?" मी विचारलं.

"नको, नको. अजून तसं काही ठरलेलं नाही."

मग त्यांनी सांगितलं, ते घर त्यांच्या मुलीचं. हे सांगताना त्यांचा आवाज मोटेलचा पत्ता सांगताना होता तसाच होता. मुलगी चार वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन ऑस्ट्रेलियाला आपल्या माहेरी निघून आली, ती परत गेलीच नाही. मागे लागणं बरं दिसलं नसतं म्हणून हे तेव्हा मागे लागले नाहीत. आता ती आई वारली. मुलीने ते कळवायला फोन केला, आणि फोन ठेवताना म्हणाली, इकडे आलास कधी तर ये. त्यावर यांनी तिकीट काढलं.

"रविवारी परत जायचंय," ते म्हणाले. "तोवर भेट होईल असं वाटतं. पुढच्या खेपेचं सांगता येत नाही. माझ्या डॉक्टरांना हाच प्रवास फारसा पसंत नव्हता. पुढच्या वेळी ते जरा जास्तच कुरकुरतील."

चेल्टनहॅमला मी पेशंटना दवाखान्यात न्यायचो आणायचो. 'जरा बरं नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या अंत्यविधीला मी पुढच्या आठवड्यात गेलेलो आहे. त्यामुळे पुढची खेप नाही, हे मला तिथंच समजलं. आरशात बघितलं तर ते हॅटची कड बोटाने साफ करत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज सकाळी मलाच बोलावलं. कधी नदीवर, कधी वाचनालयात, कधी उगीचच. कुठंही जायचं असलं तरी जाताना त्या रस्त्याने, त्या फाटकापाशी हळू, आणि पुढे. कापडी पिशवी सतत बरोबर. एकदा वळणावर ती कलंडली आणि आतून काचेची बरणी निघाली. त्यांनी ती घाईने उचलून उन्हात धरून बघितली, तडा गेलाय का म्हणून. संत्र्याचा मोरंबा होता. जानेवारीत त्यांच्याकडे बाजारात कडू संत्री येतात, त्यांचा ते दर वर्षी स्वतः मोरंबा करतात, असं त्यांनी सांगितलं. मुलीला लहानपणी टोस्टवर आवडायचा.

"निदान मला तसं आठवतं," ते म्हणाले.

दोन्ही बाजूंना मैलभर संत्र्यांच्या रांगा होत्या.

आदल्या संध्याकाळी मोटेलमधून त्यांनी मुलीला फोन केला होता. ती काय म्हणाली हे त्यांनी मला सकाळी सांगितलं, सगळं मनात पुन्हा पुन्हा घोळवून झालेलं होतं हे सांगण्यावरूनच कळत होतं.

"ती म्हणाली, कधीही ये. फार मोकळ्या मनाची आहे. मी म्हटलं, खरोखर सोयीचं असेल तरच. तर म्हणाली, तुला वाटेल तसं कर. दिवस काही तिने सांगितला नाही."

"साहेब, इथं कधीही म्हणजे खरंच कधीही," मी म्हटलं. "आत्ता गाडी वळवली तरी चालेल."

"हे तुम्ही सांगितलंत, फार चांगलं केलंत," ते म्हणाले.

इंग्लंडात हे वाक्य ऐकलं की समजावं, विषय संपला. मी गाडी नदीकडे घेतली.

त्या दुपारी शेरिलने मला ऑफिसात हाक मारली आणि विचारलं, तो पॉमी म्हातारा तुझ्याच गाडीत असतो ना. मुलगी तिच्या ओळखीची निघाली. तिचं नाव जो. तिथं कोण कुणाच्या ओळखीचं नसतं म्हणा. ही जो एकटी बाग सांभाळायची. बेदाण्याची द्राक्षं. आणि तो ऐन तोडणीचा हंगाम होता. शेरिल म्हणाली, मजूर बागेत, वाळवणाच्या रॅकवर माल टाकायला माणूस पुरत नाही, आणि ही बया रोज सकाळी घरात बसून असते. केक करून ठेवते. टॅक्सी येते, फाटकाशी हळू होते, आणि निघून जाते.

"ती म्हणते, तो रोज येऊन घर बघतो आणि बेत बदलतो," शेरिल म्हणाली. "आणि उतरलाय कुठं, तर मोटेलात. स्वतःच्या मुलीला भेटायला आला आणि मोटेलात उतरला."

मी तासगावचा. आमच्याकडेही बेदाणा होतो. तोडणीच्या दिवसांत सकाळ घरात घालवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. एरवी बाप मेला तरी माणूस दुपारपर्यंत थांबा म्हणेल.

मी शेरिलला म्हटलं, मग तिने त्यांना नीट बोलवावं. अमुक दिवशी, अमुक वाजता. तेवढंच हवंय त्यांना.

"मी सांगितलं तिला," शेरिल म्हणाली. "ती म्हणाली, बापाला कसलं आमंत्रण द्यायचं? पाहुणा आहे का तो? दार उघडं आहे. यायचं तर येईल. मी काय फाटकापर्यंत पळत जाऊ?"

घरच्या माणसाला आमंत्रण कसलं, हे तर माझी आईही म्हणाली असती. तरी मी शेरिलला सांगून बघितलं की 'सोयीचं असेल तरच' हे त्या माणसाच्या तोंडचं हातापाया पडणं आहे. ती म्हणाली, मग हातापाया पडायचं ना सरळ. जोला ते ऐकू आलं ते असं, की याला यायचं नाही आणि निमित्त मी पुरवावं.

शेरिलचं म्हणणं, मी म्हाताऱ्याला तोंडावर सांगावं. मी म्हटलं, सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले.

शनिवारीही ते तसेच गेले. फाटकाशी हळू. या वेळी मी गाडी जवळजवळ उभीच केली. ते पुढे वाकले, घराकडे बघितलं, आणि मग पाठ टेकली. घर गप्प होतं. व्हरांड्यात एक कुत्रं झोपलेलं, त्याने मानही वर केली नाही. मला दोघांचाही राग आला होता हे खरं. एक मागच्या सीटवर टाय बांधून बसलेला, दुसरी आत केक झाकून बसलेली, आणि मधे मी, रोज सकाळी पेट्रोल जाळत. नयनाला सांगितलं तर ती म्हणाली, अहो, एवढ्या उन्हात माणूस दारावरून जातो आणि कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, ही कुठली माणसं. तिला चेल्टनहॅमचा चिवडा अजून आठवत होता.

रविवारी सकाळी मी त्यांना विमानतळावर न्यायला मोटेलवर गेलो. वेळ भरपूर होता, त्यांनीच मला फार लवकर बोलावलं होतं. बॅग डिकीत. पिशवी मांडीवर. निघाल्यावर म्हणाले, वेळ असेल तर नेहमीच्या रस्त्याने जाऊ या.

फाटकाशी त्यांनी मला पहिल्यांदाच थांबायला सांगितलं. उतरले, पिशवीतून बरणी काढली आणि पत्रपेटीच्या त्या कॅनमध्ये आत सरकवून ठेवली. मग हॅट काढून तिथंच उभे राहिले. टायची गाठ सारखी केली. फाटक उघडंच होतं. ते तिथं कधी बंद नसतं.

मी गाडीतून घराकडे बघत होतो. लाकडी दार सताड उघडं, नुसतं जाळीचं दार लोटलेलं. आमच्याही घराला तसलंच होतं. उन्हात बाहेरून त्या जाळीतून काहीच दिसत नाही, काळा पडदा दिसतो. आतून मात्र बाहेरचं सगळं लख्ख दिसतं. फाटकाशी कोण आलंय हे नयना मला नेहमी आतूनच सांगायची. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती बाई आत्ता त्या जाळीमागे उभी असणार. समोर बाप हॅट काढून उभा आहे, आणि त्याला समोर कुणीच दिसत नाही.

हॅलिवेलसाहेब परत येऊन मागे बसले.

"निघू या," ते म्हणाले. "उशीर व्हायला नको."

मी इंजिन बंद केलं.

"साहेब, मला तहान लागलीय. घरातून पाणी मागून आणतो."

"पण तुमच्याकडे पाणी असेल ना?"

"गरम झालंय."

माझ्या पायाशी थंड पाण्याची भरलेली बाटली होती. मागच्या सीटवरून ती दिसत नाही, हा मागे बसण्याचा एक तोटा.

"मिस्टर चौगुले, आपल्याला असं करता येणार नाही. त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही."

"पाणी मागायला बोलावणं लागत नाही," मी म्हटलं आणि उतरून चालायला लागलो.

ते मागून येणार हे मला ठाऊक होतं. आपला ड्रायव्हर आपल्यामुळे कुणाच्या तरी दारात जाऊन त्रास देतोय, हे त्यांना गाडीत बसून बघणं शक्य नव्हतं. आणि दुसऱ्याच्या घरासमोर मोठ्याने हाक मारणंही शक्य नव्हतं. मला थांबवायचं तर जवळ येऊनच हळू आवाजात सांगावं लागणार. वाळूवर त्यांचे बूट वाजत होते. "मिस्टर चौगुले. एक मिनिट. कृपा करून," असं ते दबक्या आवाजात म्हणत येत होते. मी पाय उचलला. घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो, शेरिलने शिकवल्याप्रमाणे, आणि दार ढकलून आत पाऊल टाकलं.

ती स्वयंपाकघरात होती. पुढच्या दाराकडून घाईने आलेली, श्वास लागलेला. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, अंगात मळका शर्ट, पायांत बूट. नाक तंतोतंत बापाचं. टेबलावर जाळीखाली केक होता. मी पाणी मागितलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत नळाखाली ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. मग टेबलाची एक खुर्ची मागे ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

हॅलिवेलसाहेब पायरीशी आले. धाप लागली होती, हॅट हातात. चेहरा लाल. पन्नासएक वर्षांनी मुलीला बघितल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं:

"मला अतिशय वाईट वाटतं या प्रकाराचं. माझ्या ड्रायव्हरला तहान लागली होती. आम्ही लगेच निघतो."

ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. हनुवटी तिने आवळून धरली होती.

"आलास एकदाचा," ती म्हणाली, "म्हाताऱ्या हरामखोरा."

मी ऐकलं आणि सुटलो म्हटलं. पण हॅलिवेलसाहेबांकडे बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरत गेला आणि ते अगदी ताठ झाले. इतक्या वर्षांत कुणी तरी हे आपल्याला म्हणणार याची जणू त्यांची तयारी होती, आणि ते आज म्हटलं गेलं. त्यांनी मान किंचित लववली.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचा आणखी वेळ घेत नाही."

आणि वळले. खरंच वळले, पायरी उतरायला लागले. मराठीत हे सांगताना त्यांचं बोलणं मला अहो-जाहोतच ऐकू येतं, पोटच्या मुलीशी बोललेलं सुद्धा. जोचा हात खुर्चीवर तसाच होता. तिला एवढंच दिसत होतं की हा माणूस पायरीपर्यंत येऊनही परत चाललाय. पुन्हा हाक मारायची तिच्यात ताकद नव्हती, किंवा होती ती सगळी त्या शिवीत घालून झाली होती.

ग्लास माझ्या तोंडाशी होता. तो मी खाली ठेवला.

"साहेब, ती तुम्हाला बस म्हणतेय."

ते थांबले. पाठ माझ्याकडेच.

"ही शिवी इथं परक्याला देत नाहीत," मी म्हटलं. "माझ्या मालकिणीने मला पहिल्या दिवशी हीच दिली आणि मग जेवायला घातलं."

बाहेर ट्रॅक्टर चालू होता. मग ते सावकाश वळले आणि, गाडीची वेळ स्टेशनमास्तरला विचारावी तसं, त्यांनी जोला विचारलं:

"हे खरं आहे?"

तिने खुर्ची पायाने आणखी थोडी पुढे ढकलली. ते आत आले, परवानगीसाठी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि बसले. हॅट कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. तिने ती हातातून घेतली आणि केकच्या शेजारी ठेवून दिली.

"दूध आधी घालू की नंतर?" तिने विचारलं. बाप चहा कसा घेतो हे तिला माहीत नव्हतं.

"नंतर," ते म्हणाले. "तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली असणार?" ती म्हणाली आणि किटलीकडे वळली ती बराच वेळ परत वळली नाही.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो. फाटकाशी जाऊन पत्रपेटीतून बरणी काढली, ती उन्हाने चांगलीच तापली होती. परत जाऊन मागच्या पायरीवर ठेवली आणि गाडीत बसून माझ्या बाटलीतलं थंड पाणी प्यायलो.

तासाभराने दोघं बाहेर आले. जो विमानतळापर्यंत येणार होती. ती सवयीने पुढच्या दाराशी आली, मुठीला हात घातला. तेवढ्यात तिला दिसलं की बाप मागचं दार उघडून, ते हाताने धरून, तिच्यासाठी उभा आहे. ती क्षणभर तशीच थांबली. मग गाडीला वळसा घालून गेली आणि मागे बसली. ते दुसऱ्या बाजूने तिच्या शेजारी बसले. मी आरसा वर केला, छत दिसेल असा.

विमानतळ छोटाच. आत जायच्या दारापाशी त्यांनी हात पुढे केला, तिने तो धरला आणि सोडलाच नाही. मी त्यांची बॅग घेऊन बाजूला उभा होतो.

"परत ये," ती म्हणाली. "कधीही..."

तिथं ती अडली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बापाकडे.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "फेब्रुवारीतला दुसरा रविवार. चार वाजता. चहाला."

ते तिच्याकडे बघत राहिले. माझ्या माहितीत, इंग्लंडच्या माणसाला याहून मोठं काही कुणी देऊ शकत नाही.

"दुसरा रविवार, चार वाजता," त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. "अगदी आनंदाने." मग हॅट डोक्यावर ठेवली, ती सारखी केली. "डॉक्टर थोडे कुरकुरतील. पण आपण त्यांची समजूत घालू."

परतताना जो माझ्या शेजारी बसली. बरीच बोलली. बाप केक खाताना चुरा कसा बोटाने गोळा करत होता, ते सांगितलं. बरणी तिने उघडून लगेच चाखली होती. कडू आहे म्हणाली, पण संपवीन. मग हसली.

"डॉक्टर कुरकुरतात म्हणे. डॉक्टर लोक काय, कुरकुरतातच."

त्या दिवशी त्या दोघांचं बरंच बोलणं मी इकडचं तिकडे केलं होतं. हे एक वाक्य मात्र मी तिला उलगडून सांगितलं नाही. मी म्हटलं, हो, कुरकुरतातच, आणि गाडी तिच्या फाटकात घातली.

त्यांच्या जाण्याची बातमी तिथल्या हिवाळ्यात, जूनमध्ये आली. शेरिलने सांगितली. मी जोला भेटायला गेलो नाही. कुठल्या दाराने जावं, काय म्हणावं, ते मला कळेना. आपल्याकडे असतो तर नुसता जाऊन बसलो असतो.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी शेरिलला सांगून गाडी बंद ठेवली. नयनाने चिवडा डब्यात भरून दिला. फोन केला नाही. फाटक उघडंच होतं. बागेत तोडणी चालू होती, रॅकवर माल पसरलेला. मी घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो आणि दार ढकललं.

जो टेबलाशी बसली होती. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. समोर जाळीखाली केक, बाजूला ती बरणी, तळाशी चमचाभर मोरंबा उरलेला. तीन कप मांडलेले होते. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून गेले होते.

"आलास एकदाचा, हरामखोरा," ती म्हणाली, आणि एक खुर्ची पायाने पुढे ढकलली.

मी डबा टेबलावर ठेवला आणि बसलो.